बसम्मानं मागितलेली ओवाळणी

लातूर जिल्हा होऊन जेमतेम तिसरं वर्ष लागलं होतं आणि पाऊस दडी मारून बसल्याला दुसरं. त्यात निवडणूक आली, मग काय विचारता! शेंदगावच्या चावडीपुढं उमेदवार आप्पासाहेबांनी हात वर करून जाहीर केलं, "नवा जिल्हा, नवी हापिसं. घरटी एक सरकारी नोकरी, हा माझा शब्द!" ज्या गावाला प्यायचं पाणी टँकरनं येत होतं, त्या गावात नोकरी आपल्या पायानं घरी येणार म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? टाळ्या पडल्या, त्याही मोप पडल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा माणूस शेषेराव दारोदार फिरला. पोरांचा मार्कमेमो द्या, शाळेचा दाखला द्या, सगळं अस्सल द्या, नकलेवर साहेब यादी करत नाहीत. लोकांनी दिले. बसम्मानं तर सगळ्यांच्या आधी दिले. किराणा दुकान चालवणारी बाई, तूरडाळीत लाखीच्या डाळीची भेसळ नुसत्या नजरेनं धरणारी; पण नोकरीचं नाव काढल्यावर तिचीही अक्कल चरायला गेली. लेक नीलम्मा म्हणत होती, "अव्वा, अस्सल कागद देऊ नगं." बसम्मा तिच्यावरच खेकसली, "तुला काय कळतंय? मोठ्या माणसाचा हात लागतोय तर लागू दे की!"

नीलम्मा शिकलेली पोर. रोज एसटीनं निलंग्याला जाऊन टायपिंग शिकली होती, सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून आली होती. साहेबांची यादी राहिली बाजूला, सोमवारी टपालानं तिला सरळ लातूरहून पत्र आलं. गुरुवारी सकाळी दहाला कारकुनाच्या जागेसाठी परीक्षा आणि मुलाखत. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, मूळ प्रमाणपत्रं नसतील तर उमेदवाराला बसू दिलं जाणार नाही.

बसम्मा पदर खोचून तशीच निलंग्याला गेली. प्रचाराच्या कचेरीत शेषेराव चहा पीत बसला होता. मागं भिंतीला टेकून एक मोठी पत्र्याची पेटी, तिला हे एवढं कुलूप.

"बसम्मा, एवढी घाई कशाला करता? मतदान झालं की मिळतील कागद."

"अवो, गुरुवारीच परीक्षा हाय!"

"परीक्षा कशाला पायजे? साहेब लावणार हायत की नोकरी."

बसम्मा त्या कुलपाकडं बघत राहिली. शेंदगावच्या साठ घरांचे कागद त्यात होते, म्हणजे साठ घरांची मतंही त्यातच होती. आपण स्वतःच्या हातानं लेकीचं नशीब उचलून या पेटीत घातलं, हे तिला तेव्हा कळलं. परतीच्या एसटीत ती तोंडावर पदर घेऊन रडली.

घरी नवरा मन्मथप्पा म्हणाला, "जाऊ दे. मोठ्यांशी वैर परवडत न्हाई." मन्मथप्पा मुंगीलाही वाट देणारा माणूस. नीलम्मा भाकरी थापत राहिली. चार शिव्या दिल्या असत्या तर बसम्माला बरं वाटलं असतं.

बुधवारी दुपारी चारला आप्पासाहेबांची गावात सभा होती. पाच सवाष्णींनी साहेबांना ओवाळायचं ठरलं होतं. बसम्मा त्यात आपणहून शिरली आणि पहिला मान मागून घेतला. शेषेरावाला वाटलं, आली बाई वळणावर.

साहेब खुर्चीत बसले. बसम्मानं त्यांना कुंकू लावलं, ताट तीनदा फिरवलं. साहेबांनी हसत हसत दहाची नोट ताटात टाकली. बसम्मानं ती उचलून त्यांच्याच हातावर ठेवली.

"भाऊ म्हणून ओवाळलं तुम्हाला. पैसा नगं. माझ्या नीलीचे कागद टाका ताटात."

माईक पुढ्यातच होता. शब्द न् शब्द वेशीपर्यंत गेला.

साहेब हसले, पण ते हसू काही जमलं नाही. "ताई, तुमच्या पोरीला नोकरी मीच देणार हाय."

"तुम्ही कशी देताल? जागा सरकारची, परीक्षा माझ्या लेकीची. तुमच्यापाशी हाय काय? नुसता कागद. आन तो बी आमचाच!"

सभेत पहिल्यांदा बाया हसल्या. मग गडी हसले. साहेब उठायला लागले, तशी म्हातारी केवळाबाई पुढून ओरडली, "आरं, बस खाली! ताटात ओवाळणी पडल्याबिगर भाऊ उठत असतोय व्हय?"

आता आली का पंचाईत! उठावं तर चारशे माणसांदेखत बहिणीचं ताट रिकामं राहतं, आणि निवडणूक तोंडावर. आप्पासाहेब बसले. बाकीच्या चौघीही ताटं घेऊन बसम्माच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्याही पोरांचे कागद त्याच पेटीत होते. अखेर साहेबांनी रुमालानं मान पुसली आणि शेषेरावाला म्हणाले, "जा, पेटीच घेऊन ये."

निलंगा आठ मैल. जीप जाऊन येईपर्यंत तास-सव्वा तास गेला. पुढच्या गावची सभा बुडाली. वारा सुटला की निरांजनाभोवती बाया हात धरत, तेल सरलं की कुणीतरी घरून पळी भरून आणी. साहेब कुंकू लावलेल्या कपाळानं खुर्चीतच बसून होते. बसम्माचे हात भरून आले होते, पण ताट तिनं खाली ठेवलं नाही.

पेटी आली. चावडीपुढं कुलूप उघडलं. पहिले कागद नीलम्माचे निघाले, ते साहेबांनी आपल्या हातानं ताटात ठेवले. मग एकेक नाव पुकारलं गेलं आणि साठच्या साठ घरांनी आपापले कागद छातीशी धरून नेले.

गुरुवारी पहाटे नीलम्माला घेऊन बसम्मा एसटीच्या फाट्यावर आली आणि थबकलीच. तिथं आधीच गावची सात पोरं उभी होती, हातात तसलीच पत्रं घेऊन. सगळ्यांना बोलावणं आलं होतं आणि साहेब रागावतील म्हणून एकानंही तोंडातून ब्र काढला नव्हता. ग्यानोबाचा सिद्धलिंग मान खाली घालून म्हणाला, "मावशी, तुम्ही काल ताट धरलं म्हणून आज जातोय." बसम्मानं त्याच्या पाठीवर धपाटा घातला आणि त्याला नीलम्माच्या आधी गाडीत ढकललं.

आठ दिवसांनी यादी लागली. शेंदगावची तीन नावं, त्यात नीलम्मा दुसरी. गाव नुसतं नाचलं. मन्मथप्पानं दुकानातला गूळ ढेपेनं वाटला आणि वाटता वाटता स्वतः भोकाड पसरलं.

तेवढ्यात धुरळा उडवत जीप आली. भोंग्यातून शेषेराव ओरडत होता, "आप्पासाहेबांनी शब्द पाळला! शेंदगावच्या तिघांना नोकरी लावली!"

बसम्मा पदर खोचायला लागली. पण नीलम्मानं तिचा हात दाबला आणि स्वतः पुढं झाली. चार माणसांत कधी मान वर न करणारी पोर. तिनं शेषेरावाच्या हातून माईक घेतला.

"मी नीलम्मा मन्मथप्पा. ही नोकरी मला साहेबांनी दिली न्हाई. परीक्षा मी दिली. आन ह्यांनी कुलपात घातलेले माझे कागद जिनं सोडवून आणले, ती ही माझी अव्वा हाय!"