मोठा पट्टा

"दंड सैल सोड. आणि पट्टा काढेपर्यंत तोंड बंद ठेव," ताई म्हणाली.

"तोंडाचा प्रेशरशी काय संबंध?"

"बोललं की वाढतं. गप!"

काडीने दंड सैल सोडला. माणूस बेचाळीस वर्षांचा, वजन एकशे एक किलो, पार्सलच्या गोदामात खोकी चढवणारा, आणि नाव काय, तर काडी! लहानपणी बरगड्या मोजता यायच्या म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, ताई सतराची. त्याच्या ताटात काय पडतं हे तेव्हापासून तीच बघत आली. पुढे ती नर्स झाली, डोक्यावरचे केस पिकले, पण भावाला वाढताना तिचा हात कधी आखडला नाही.

दोन वर्षांपूर्वी पाठ दुखते म्हणून काडी व्यायामशाळेत गेला आणि तिथलाच होऊन बसला. "खाल्ल्याशिवाय ताकद येणार नाही," असं कोचने सांगितल्यावर ताईला तर देवच पावला. डझनावारी अंडी, लिटरने दूध, भाताचे ढीग. दोन वर्षांत बावीस किलो वाढले. प्रत्येक किलोची बातमी तिने ओपीडीत हौसेने सांगितली. आज तो तिथेच आला होता, वजन उचलण्याच्या स्पर्धेच्या फॉर्मवर डॉक्टरांची सही घ्यायला. सही करण्याआधी डॉक्टरांना प्रेशर हवं होतं.

"एकशे बासष्ट, शंभर," ताईने वाचलं आणि ती थबकली.

"मग? पट्टा बघ ना! टोकाला टोक जेमतेम लागतंय. जाड दंडाला लहान पट्टा लावला की जास्तच दाखवतं. तूच सांगतेस सगळ्यांना."

खरं होतं ते. ताईचा जीव भांड्यात पडला. ती लगबगीने दोन जिने चढून वरच्या वॉर्डातून मोठा पट्टा घेऊन आली. येताना देवाला म्हणाली, "एवढं एक खरं कर."

मोठा पट्टा व्यवस्थित बसला. पाच मिनिटं थांबून तिने मोजलं, मग पुन्हा मोजलं.

"किती?"

"एकशे चोपन्न, अठ्ठ्याण्णव."

तेव्हा कुठे ताईने टेप काढून कमर मोजली. एकशे आठ सेंटिमीटर. दिवसाला साठ परक्या माणसांची तपासणी करणाऱ्या बाईने घरच्या माणसाला दोन वर्षांत एकदाही टेप लावली नव्हती. तिला तो अजून बरगड्यांचाच दिसत होता.

दुसऱ्या दिवशी रक्ताचे रिपोर्ट आले. उपाशीपोटी साखर एकशे अठरा, रक्तातली चरबी नको तितकी. डॉक्टरांनी दंडाकडे कौतुकाने बघितलं आणि फॉर्म सही न करताच परत दिला.

"व्यायाम सोडू नका. हलकी वजनं उचला, श्वास कोंडू नका. प्रेशर आटोक्यात येईपर्यंत जड वजन नाही. गोळी रोज. भात निम्मा, चालणं रोज. आणि हे वजन वाढवणं आता पुरे. बावीसमधले निम्मे तरी पोटावर बसलेत."

जिन्यात काडी थांबला.

"एकशे नव्वद उचलतोय मी, ताई. सहा आठवड्यांत दोनशे झाले असते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव माइकवर घेतलं असतं. पुढच्या वर्षी मला त्रेचाळीस लागेल."

"पुढच्या वर्षी असलास तर लागेल."

बोलून गेली आणि तिचेच डोळे भरून आले. "चूक माझी आहे रे. मीच कोंबलं तुला."

"वाढणारी तू होतीस. गिळणारं तोंड माझंच होतं ना?" काडी म्हणाला, आणि त्याने तिथेच फोन लावला. "कोच, माझं नाव काढा. नाही, दुखापत नाही. प्रेशर." पलीकडून बरंच काही ऐकून घेतलं. "हो, येणार की. उद्याही येणार. पण बारवर वजन कमी लावा."

स्पर्धेचा दिवस आला तेव्हा काडी सत्त्याण्णव किलोवर आला होता. दुसऱ्याच कुणीतरी दोनशे पाच उचलले, असं कोचने फोनवर सांगितलं. "वा, छान," म्हणून काडीने बूट घातले आणि दोघं भावंडं मैदानावर गेली.

ताई काटकुळी, जन्मभर वॉर्डात पायपीट केलेली. ती झपझप चाले. काडी मागे राहू नये म्हणून लांब ढांगा टाकी. तिसऱ्या फेरीला त्याच्या छातीचा भाता जोरात चालू झाला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. थांबू या म्हणेल तर तो काडी कसला!

ताईने एकदम चप्पल काढली, एका पायावर उभी राहिली आणि आधाराला त्याचा दंड धरला.

"काय झालं?"

"खडा गेलाय."

तिने चप्पल झटकली. काहीच पडलं नाही. तिने पुन्हा झटकली, उलटी करून बघितली, बोटाने आतून चाचपली. हाताखालच्या दंडाची धडधड हळूहळू निवत होती.

"निघाला का?" काडीने विचारलं.

"थांब जरा," ताई म्हणाली, "बारीक आहे."