चारचा भोंगा

"मॅडम, कंपायलरनं खाली उतरवलेला प्रोग्राम परत वर चढवता येतो का?"

हा प्रश्न विचारायला माझ्या मैत्रिणी केतकी आणि रूपालीनं मला पैजेवर उभं केलं होतं. पैज पाव किलो कुंद्याची, म्हणजे खव्याच्या मिठाईची. आमच्या शाळेत शिकून बेंगळुरूला गेलेल्या माधवी मॅडम त्या दिवशी दहावीच्या वर्गाशी बोलायला आल्या होत्या. मी पंधरा दिवस डब्याच्या सुट्टीत ह्याच प्रश्नानं दोघींचं डोकं खात होते. शेवटी रूपाली वैतागली. "आमाला काय कळतंय गं त्यातलं? हिंमत हाय तर त्यास्नीच विचार की!"

सहा महिन्यांपूर्वी मी हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. आता मला कशाचीच भीती वाटत नाही. भीतीच काय, दुसरंही काही वाटत नाही. त्यामुळे उभं राहायला काहीच लागलं नाही.

पोरं हसली. मॅडमनी विचारलं, "कशाला हवंय तुला?"

"माझ्या भावानं सीमध्ये लिहिलेला प्रोग्राम आहे. मूळ सी हरवलंय. मधली फाईल तेवढी आहे."

"मग भावालाच विचार की."

"तो वारला."

बस चुकली हे जसं सांगतात तसं मी हे सांगते. केतकी बुटाची नाडी बांधायला खाली वाकली, ती बराच वेळ वर आलीच नाही.

ओमकारदादा उद्यमबागेत लोखंडी सुटे भाग भट्टीत तापवून तेलात विझवणाऱ्या एका कारखान्यात होता. आप्पाही तिथंच भट्टीवर आहेत. फेब्रुवारीत दादा मोटारसायकलवरून येळ्ळूरला घरी येत होता, तो आला नाही. बाराव्याला त्याच्या वस्तू वाटल्या. चप्पल, छत्री, घड्याळ. लॅपटॉप आत्याच्या निशांतला दिला. आत्या म्हणाली, "गेलेल्याची कापडं धुऊनच घालायची असत्यात." निशांत शहाणा. त्यानं लॅपटॉपही धुतला. सगळं पुसून, कोरा करून मगच वापरायला काढला. त्याला मी काही बोलले नाही. सगळ्यांनी रीतीप्रमाणेच केलं होतं.

पण भट्टीजवळच्या कॉम्प्युटरवर दादाचा प्रोग्राम चालूच होता. भट्टी फार तापली की भोंगा वाजवायचा, एवढंच त्याचं काम. आता भट्टीला नवीन मीटर येणार होतं आणि त्यासाठी प्रोग्राम बदलायला हवा होता. पण दादाचं मूळ सी लॅपटॉपबरोबर पुसलं गेलं होतं; कॉम्प्युटरवर चालणारा प्रोग्राम आणि कंपायलर सीचं मशीनच्या भाषेत भाषांतर करताना मधे बनवतो ती फाईल, एवढंच सापडलं. मालक आप्पांना म्हणाले, महिनाभरात जमलं तर बघा, नाहीतर पुण्याचा तयार प्रोग्राम आणू आणि हा काढून टाकू.

मॅडमनी फळ्यावर लिहिलं नाही, नुसतं सांगितलं. "तुझे वडील कधी कचेरीत अर्ज द्यायला गेलेत का? ते मराठीत सांगतात, तिथला माणूस कन्नडमध्ये लिहितो. त्या कन्नडवरून परत मराठी केलंस तर अर्ज तोच येईल. पण वडिलांचं बोलणं येईल का?"

"नाही."

"तसंच हे. काम परत येतं. नावं येत नाहीत, शेजारी लिहिलेले शेरे येत नाहीत. चालेल?"

"चालेल," मी म्हणाले. मॅडमनी मधल्या भाषेचं सी करून देणाऱ्या एका साधनाचं नाव वहीत लिहून दिलं. त्याखाली आपला नंबर लिहिला. कुंदा दोघींनी त्याच दिवशी खडेबाजारातून आणला. गोड होता.

शाळेच्या संगणक खोलीत रोज एक तास मिळायचा. साधनानं सी दिलं, पण ते काय सी होतं! सगळीकडं 'इथून तिकडं उडी मार'. नावांच्या जागी नुसते आकडे. पहिला, दुसरा, सातवा, एकविसावा. दादा आपल्या प्रोग्राममध्ये मराठी नावं ठेवायचा. रविवारी मला सी शिकवताना म्हणायचा, "तेजू, नाव बघून काम कळलं पायजे." आता काम बघून मला नाव ठेवायचं होतं. ज्यात भट्टीचं तापमान येत होतं त्याला मी 'ताप' म्हटलं. उड्या मोडून त्यांची चक्रं, म्हणजे लूप, केली. खोटे आकडे घालून जुना आणि नवा प्रोग्राम शेजारी शेजारी चालवला. दोन्ही सारखंच उत्तर देईपर्यंत चौदा दिवस गेले. आता नव्या मीटरपुरता बदल करणं सोपं होतं. मॅडमना फोन केला, त्या ओरडल्याच, "तेजस्वी, अगं केलंस की!" मी पण ओरडले. फोन ठेवल्यावर घरचा अभ्यास केला.

सातव्याला मात्र नाव सापडेना. तापमान हद्दीच्या वर गेलं की सातवा एकानं वाढायचा. दहा झाला की भोंगा वाजायचा आणि सातवा शून्य व्हायचा. दादाचा विचार मला कळला. भट्टीचं दार उघडलं की मीटर क्षणभर उसळतं, तेवढ्यानं भोंगा वाजू नये. सलग दहा वेळा जास्त दिसलं तरच वाजावा. पण मधे तापमान खाली आलं तर सातवा शून्य करायला हवा होता. ती ओळ त्यानं लिहिलीच नव्हती. म्हणून दिवसभरातल्या सुट्या उसळ्या साठत जायच्या आणि दहावी झाली की भोंगा उगाच वाजायचा. प्रोग्राम रोज सकाळी भट्टीबरोबर नव्यानं चालू व्हायचा आणि दार ठरल्या वेळांनाच उघडायचं, म्हणून दहावी उसळी रोज जवळपास एकाच वेळेला यायची.

कधी वाजायचा ते मला माहीत होतं. आमच्या घरात सगळ्यांनाच माहीत होतं. आप्पा कामावरून आले की आई पाणी देताना रोज विचारायची, "वाजला का आज?"

"वाजला की. चारला पाच कमी."

"मग च्या घेतलासा?"

"व्हय. त्यानं हाक मारल्यावर घ्यायला नगं?"

फेब्रुवारीपासून त्यांचं दिवसातलं एवढंच बोलणं. मी फाईल घेऊन बसले तेव्हा आप्पा म्हणाले होते, "बाळ, हाय तसंच कर. एक ओळ बदलू नगंस." मी 'करतो' म्हणाले होते; आमच्या बोलीत पोरीही असंच म्हणतात. मलाही तेच हवं होतं.

शनिवारी मी आप्पांच्या पाळीचे मुकादम मारुतीकाकांना फोन लावला. "काका, भोंगा वाजला की तुम्ही काय करता?"

"च्याला जातो की! ओमकारचा भोंगा म्हंजे च्या. नवी पोरं आली तरी पैलं हेच शिकवतोय आमी."

"भट्टीवर कोण थांबतं?"

"कोण कशाला थांबतंय? सगळीच जात्यात."

"आणि खरंच तापली असली तर?"

काका हसले. "मग तापल्या भट्टीचा च्या पिऊ!" मग हसायचे थांबले. "तेलाची टाकी लगत हाय गं," ते हळू म्हणाले. "उगंच वाजतोय व्हय त्यो? आमाला वाटलं, त्यानंच तसा लावलाय."

मी परत फाईल उघडली. दादाला कुणी सांगितलं असतं तर त्यानं कपाळावर हात मारून घेतला असता आणि दोन मिनिटांत ओळ घातली असती. मी ओळ घातली. खोटे आकडे घालून बघितलं. दिवसभराच्या उसळ्या घातल्या, भोंगा गप्प. सलग दहा घातले, वाजला. मग मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं.

आज रविवार. आई परसात कपडे वाळत घालत होती. आप्पा पायरीवर बसून कामाचे बूट पुसत होते. मी मधे जाऊन उभी राहिले, वर्गात उभी राहिले होते तशीच.

"आप्पा, आई, ऐका. दादाच्या प्रोग्राममधे चूक हाय. भोंगा चारला उगंच वाजतोय आणि तुमी सगळी भट्टी सोडून जाताय."

आईच्या हातातली चादर दोरीवर अर्धीच राहिली. आप्पा म्हणाले, "तू हाय तसंच करतो म्हणालतीस."

"म्हणालते. आता न्हाय करणार. मी चूक काढलीय. उद्या शाळा सुटली की मी उद्यमबागेत येतो, मारुतीकाकांच्या समोर नवा प्रोग्राम घालतो. उद्यापासनं चारला भोंगा वाजणार न्हाय."