फल्कचं एकविसावं वर्ष

धाकटा धनी फल्क एकवीस वर्षांचा झाला आहे, अशी गावातल्या बारा जणांनी शपथ घ्यायची होती. अडचण एवढीच होती, की तो वीस वर्षांचा होता.

पण वर्षभर थांबायची सोय नव्हती. फल्कला आईबाप नव्हते. त्याचा सांभाळ सर रॅनल्फकडे, आणि एकवीस होईपर्यंत पोराच्या जमिनीवर, जंगलावर, लग्नावर हक्कही त्यांचाच. जंगलातले अर्धे ओक वृक्ष त्यांनी विकून खाल्ले होते. आता नाताळात आपल्या विधवा बहिणीशी फल्कचं लग्न उरकायचा त्यांचा बेत होता. बाई शेहेचाळीस वर्षांच्या होत्या आणि तीन नवरे पोचवून बसल्या होत्या. फल्क हॅमोच्या घरी येऊन ढसाढसा रडला होता.

हॅमो गावाची छपरं शाकारायचा. खोटं बोलणं त्याला कधीच धड जमायचं नाही, म्हणून सगळ्यांनी त्याला शेवटी उभं केलं.

राजाचा अधिकारी चर्चमध्ये बाकावर बसला आणि एकेकाला विचारू लागला, "पोराचा बाप्तिस्मा एकवीस वर्षांपूर्वी झाला, हे तुझ्या लक्षात कसं राहिलं?"

"त्या दिवशी माझा पाय मोडला, साहेब," लोहार म्हणाला.

"माझाही," गवळी म्हणाला.

पुढच्या नऊ जणांचेही पायच मोडले. प्रत्येकाने आपली शक्कल शेवटपर्यंत गुपित ठेवली होती.

अधिकाऱ्याने लेखणी खाली ठेवली. "त्या दिवशी गावात धड चालणारं कोणी होतं का रे?"

हॅमोही मोडक्या पायाचीच गोष्ट घेऊन आला होता. त्याने घाम पुसला. "मी होतो, साहेब. या अकरा जणांना खांद्यावरून घरी मीच आणून टाकलं."

अधिकारी हसू दाबत लिहू लागला. सर रॅनल्फ मात्र पिसाळले. "याच्या मुलीचा बाप्तिस्माही त्याच दिवशी झाला होता. विचारा तिचं वय!"

हॅमोची सबीना मागेच उभी होती. लग्न अजून ठरायचं होतं, आणि वयाच्या बाबतीत ती फार हळवी होती.

"एकवीस," हॅमो खाली बघत म्हणाला.

"कोण एकवीस?" सबीना म्हणाली.

सगळं चर्च तिच्याकडे वळलं. फल्क पांढराफटक पडला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि दातओठ खाल्ले.

"एकवीसच. लहान दिसते, हा काय माझा दोष?"

फल्क सुटला. सबीना महिनाभर बापाशी बोलली नाही.

मोकळ्या झालेल्या फल्कने काय काय केलं, विचारू नका. गढीच्या दिवाणखान्यात मेंढ्या आणल्या, उरलेल्या प्रत्येक ओकवर चढून बसला, सुगीच्या जत्रेत नाचताना सबीनाची दोन्ही पावलं तुडवली. जानेवारीत पैज लावून त्याने गोठलेल्या तळ्यावरून घोडा नेला. घोडा पोहून बाहेर आला.

थडग्यावर 'वय एकवीस' असं कोरलं.

मार्चमधल्या एका सकाळी सबीना पाव वाढता वाढता म्हणाली, "बाबा, आज मी एकवीसची झाले."

हॅमोचा घास हातातच राहिला. "मी खरं बोललो असतो, तर तो आज जिवंत असता गं."

"असता की. त्या बाईंचा चौथा नवरा होऊन."

हॅमोला हसू आलं, आणि हसता हसताच रडू कोसळलं. सबीना त्याच्याशेजारी येऊन बसली. तिलाही काही खाववलं नाही.