लोकेश माझ्यावर बसायचा

मित्रांनो, मी एक जुना लोड आहे. पाहुण्यांनी रेलून पान खावे, असला बैठकीतला लोड मी नव्हे. सुरतच्या नवागाममध्ये सरलाबाईंनी मला शिवले. वरचे कापड जुन्या पडद्याचे आणि पोटातल्या चिंध्या लूमच्या कारखान्यातल्या. त्या त्यांनी इतक्या ठासून भरल्या, की मी जन्मापासूनच पोट सुटलेल्या शेठसारखा दिसतो.

मला शिवले ते सरलाबाईंच्या नातवासाठी, लोकेशसाठी. जन्मताना त्याचा श्वास अडकला होता. दोन वर्षांचा झाला तरी तो मान धरत नव्हता. अशा मुलांना लहानपणीच जाणता हात मिळाला तर ती पुष्कळ शिकतात. त्यासाठी आमच्या गल्लीत एका संस्थेने खोली घेतली होती. विशेष शिक्षणाचा डिप्लोमा करणाऱ्या मुली तिथे सरावाला येत. लोकेश चैतालीच्या वाट्याला आला आणि त्याच्याबरोबर मीही त्या खोलीत गेलो.

सुरुवातीला चैतालीला त्याला कुठे धरावे तेच कळत नसे. ती लोकेशला माझ्यावर पालथे घाली, समोर खुळखुळा वाजवी, आणि तो रडला की स्वतःही रडवेली होई. मला हसू येई. पण पोरगी चिवट होती. लोकेशने मान उचलली. मग एके दिवशी तो माझ्यावर दोन्हीकडे पाय टाकून, कुणी न धरता बसला. त्याची आई वर्षा दारात उभी होती. ती आत आली आणि माझ्या पोटावरून हात फिरवत राहिली. तसा अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

पुढे चैतालीची परीक्षा आली. बाहेरच्या परीक्षकांसमोर लोकेशला शिकवून दाखवायचे होते आणि तारीख पडली नेमकी आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. सासर कितीही लांब असो, आखाजीला खानदेशातली लेक माहेरी जाते आणि झोका खेळते. अमळनेरजवळच्या गावात वर्षाच्या आईने, उषाबाईंनी, निंबाला झोका बांधून ठेवला होता. नातवाला बसलेले त्यांनी अजून पाहिले नव्हते.

चैताली म्हणाली, "तुम्ही जा ताई. मी पुढच्या वेळी देईन परीक्षा."

वर्षाने बांधलेले गाठोडे सोडले. "पुढला सालले जासू," ती म्हणाली. "तवय तो झोकावर एकटा बठी."

चैतालीला भरून आले. पास झाले की इथेच राहीन, असा शब्द तिने दिला.

परीक्षेत लोकेश ऐटीत बसला. चैताली पास झाली, शिक्षिका म्हणून तिची नोंदणी झाली, गल्लीत पेढे वाटले गेले. पण संस्थेची बॅच संपली तशी सरावाची खोलीही बंद झाली. चैतालीला शहराबाहेर कामरेजच्या शाळेत नोकरी लागली. तिच्या घरी आजारी वडील, बिनपगारी ती तरी किती थांबणार? जाताना तिने मला लोकेशच्या घरी आणून ठेवले आणि त्याच्या कपाळाला कपाळ लावून बराच वेळ बसली. तिची अडचण मला कळते. तरी तिचा राग येतो, हेही खरे.

चैतालीने दाखवलेले सारे वर्षा करून पाहत होती. पण लोकेश वाढत होता, जड होत होता, आणि कुठे धरायचे, कुठे सोडायचे हे सांगायला कुणी नव्हते. आधी त्याचे पाय आखडले, मग पाठ. मानही पुन्हा लवंडली. हे सारे माझ्याच अंगावर झाले, मित्रांनो. मी पडलो चिंध्यांचा, मला काही करता आले नाही.

यंदा आखाजीला आम्ही गेलो. वर्षाने मलाही बरोबर घेतले होते. झोक्यावर माझा टेकू देऊन तिने लोकेशला बसवले. तो एका बाजूला कलंडला. तिने पुन्हा बसवले, तो पुन्हा कलंडला. झोक्याभोवती जमलेल्या बायांची गाणी थांबली.

"मागला सालले बठे माय, खरंच बठे," वर्षा सांगत राहिली.

उषाबाईंनी नातवाला उचलून घेतले. "दे मनाकडे. मांडीवर बी झोका खेळता येस." त्या खाली मातीतच बसल्या आणि त्याला झुलवत राहिल्या.

मित्रांनो, तुमच्यातले कुणी उद्या अशा मुलांचे शिक्षक व्हाल. जरूर व्हा, मन लावून शिका, परीक्षा द्या. पण ज्या लेकराच्या पाठीवर हात ठेवून तुम्ही शिकलात, त्याला दुसऱ्या जाणत्या हातात दिल्याशिवाय निघून जाऊ नका.

दारात चपला वाजल्या की लोकेश अजून माझ्यावर हात आपटतो. त्याला वाटते, चैतालीबाई आल्या.