पट्टीची मागची बाजू

यंदाकाकांनी पितळी पट्टी राळेत दाबून बसवली, सवयीनं उजव्याच डोळ्याला भिंग लावलं आणि 'जिं'वरचा अनुस्वार कोरायला घेतला. अनुस्वार म्हणजे नुसतं टिंब. पण रेघ चुकली तर ती दुसऱ्या रेघेत खपवता येते. टिंबाला लपायला जागा नसते.

"काका, शाळेचे सोळा कप तसेच पडलेत," पुतण्या गल्ल्यावरून म्हणाला. ढाली, कप आणि नावाच्या पाट्यांचं ते दुकान आता त्याच्याच नावावर होतं.

"पडू देत. कप काय पळून चाललेत?"

"आणि ही पट्टी पळून चाललीय?"

"हिचं काल संध्याकाळी ठरलं. उपान्त्य सामना जिंकलाय आपण."

'आपण' हा शब्द ते बिनदिक्कत वापरत. प्रत्यक्षात ते आयुष्यात एकदाच हॉकी खेळले होते. शाळेचा गोलकीपर तापानं फणफणला म्हणून त्यांना उभं केलं होतं आणि ते आठ गोल घेऊन परतले होते. तेव्हापासून देशाच्या दोन्ही संघांची, पुरुषांच्या आणि मुलींच्या, जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली होती. दर स्पर्धेच्या आधी "यंदा नक्की" असं म्हणायचे, म्हणून गल्लीनं त्यांचं नाव यंदाकाका ठेवलं. स्पर्धा संपल्यावर "पुढच्या वेळी" म्हणायचे, पण त्यावरून नाव ठेवण्याइतकी क्रूर गल्ली नव्हती.

पट्टीची रीत त्यांची स्वतःची होती. विश्वचषक सुरू होण्याआधी एका कोऱ्या पट्टीवर देशाचं नाव आणि साल कोरायचं. संघ उपान्त्यपूर्व सामना जिंकला की 'अ'. उपान्त्य जिंकला की 'जिं'. अंतिम सामना जिंकला की 'क्य'. एक अक्षरही आगाऊ नाही. खेळाडूंनी घाम गाळल्याशिवाय आपण छिन्नी चालवायची नाही. आणि संघ बाहेर पडला, की पट्टी उलटी करून येईल त्या गिऱ्हाइकाच्या कामाला लावायची. पितळ चांगलं असे. पराभवात त्याचा काही दोष नसे.

त्यामुळे शहरातल्या कितीतरी कपाटांत, ढालींच्या लाकडाकडे तोंड करून, देशाचं नाव गपचूप उभं होतं. बहुतेक ठिकाणी नुसतं नाव आणि साल. तीन-चार ठिकाणी 'अ'. पहिलीतल्या ढ पोरासारखा देश वर्षानुवर्षं 'अ'वरच अडकला होता. यंदाचा पुरुषांचा संघ तर साखळीतच गारद झाला, आणि त्यांची पट्टी उलटून एका कचेरीत 'वर्षातील सर्वोत्कृष्ट कर्मचारी' झाली होती.

मुली मात्र पुढे गेल्या. 'जिं' आजवर कधी कोरलाच नव्हता. हात त्या वळणाला नवा होता, आणि त्याला सरावायला आता वेळही नव्हता. सोमवारी दुकानात कोरणीचं मशीन येणार होतं.

"उद्या जिंकल्या, तर परवा मशीनवर 'क्य' काढू," पुतण्या म्हणाला. "चाळीस सेकंद."

"दोन अक्षरं माझी आणि तिसरं मशीनचं? पोरीचं लग्न आपण लावायचं आणि पाठवणीला शेजाऱ्याला उभं करायचं?"

"तसं नाही हो काका. तुमच्या डोळ्यांचं म्हणतोय."

डोळ्यांचा विषय निघाला की काकांना ऐकू येत नसे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. ऑपरेशन करून घ्या म्हणून काकू दीड वर्ष मागे लागल्या होत्या. काकांचं उत्तर ठरलेलं: एवढा विश्वचषक होऊ दे, मग बघायचंच काय राहणार आहे?

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून सगळे टीव्हीसमोर बसले. काकू डबा घेऊन आल्या आणि थांबल्या. शेजारचा सलूनवाला आला, आणि त्याच्यामागे त्याचं गिऱ्हाईकही आलं, एका गालाला फेस लावलेलं.

"उरलेली दाढी?" काकूंनी विचारलं.

"हाफटाइमला," सलूनवाला म्हणाला.

हाफटाइमला आपण एका गोलनं मागे होतो, त्यामुळे दाढीचं कुणाला सुचलं नाही. मग आपण बरोबरी केली. मग पुढे गेलो. पट्टी काकांच्या मांडीवर होती, छिन्नी खिशात. दोन मिनिटं उरली असताना समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि गोल झाला. दोन-दोन. शूटआऊट.

"एवढा वेळ बचाव करायचाच कशाला?" सलूनवाला ओरडला. "पुढं जा ना! पुढं!"

"तू गप रे," काका म्हणाले. "तू हातातला गाल पुरा कर आधी."

चार-चार फटके झाले तेव्हा आपण एकानं मागे होतो. शेवटची मुलगी चेंडू घेऊन धावत आली. आठ सेकंदांची मुदत. तिनं गोलकीपरला डावीकडं झुलवलं, स्वतः उजवीकडं वळली आणि फटका मारला. यंदाकाकांना हल्ली लांबचे चेंडू दोन दिसत. त्यातला एक आत गेला.

"गोल!" ते ताडकन उठले. पट्टी खणकन फरशीवर पडली.

बाकी कुणीच उठलं नाही.

"खांबाला लागला, काका," पुतण्या हळूच म्हणाला.

पडद्यावर ती मुलगी गुडघ्यांवर बसली होती. एवढं मात्र त्यांना एकच दिसलं. समालोचक म्हणत होता की सामना हरलो तरी मुलींनी मनं जिंकली.

"मनं जिंकली म्हणे," सलूनवाला म्हणाला.

"मनांना ढाल नसते," काका म्हणाले. त्यांनी पट्टी उचलली, कोपरा वाकलाय का ते बोटानं चाचपलं आणि ती खणात टाकली. "चला. संपलं."

काकू डबा भरता भरता थांबल्या. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी हरल्याच्या दिवशी शिव्या ऐकल्या होत्या, पंचांचा उद्धार ऐकला होता, आणि शेवटी न चुकता "पुढच्या वेळी" ऐकलं होतं. "संपलं" कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

सोमवारी मशीन आलं. ते काकांच्या मेजाच्या जागी बसलं आणि मेज भिंतीला लागलं. पुतण्यानं वाईट वाटू नये म्हणून एक कामाचा कागद काकांपुढे ठेवला: शाळांच्या हॉकी स्पर्धेचं उपविजेतेपद, पट्टी एक. काकांनी खण उघडला. रीत म्हणजे रीत. 'अजिं'ची पट्टी काढली, उलटी केली आणि राळ गरम करायला घेतली.

तेवढ्यात खेळाच्या बाई आत आल्या. मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या, हॉकीचा संघ त्यांचाच. काखेत फिरती ढाल होती, आणि रुमालात गुंडाळलेली, ढालीवरून निखळलेली एक जुनी पट्टी.

"तुमच्याच दुकानची आहे ना ही? चोवीस वर्षांपूर्वीची. स्क्रू गळाले. पण हिच्या मागं काहीतरी आहे हो."

त्यांनी पट्टी उलटी धरली. देशाचं नाव, साल, आणि एक 'अ'.

पुतण्या मशीनचं पुस्तक सोडून उठला. काकांच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. चोवीस वर्षं ती लाकडाला तोंड लावून गप्प बसली होती.

"जुनं पितळ होतं," ते पुटपुटले. "मी बदलून देतो. नवी लावतो."

"नको, नको. तक्रार नाहीये. माझ्या मुलींनी पाहिलं हे काल, शाळेत टीव्हीवर सामना बघून झाल्यावर. सगळ्या रडून बसल्या होत्या. म्हटलं, चला, निदान ढाल पुसून ठेवू. त्यात पट्टीच सुटून हातात आली." बाई थोड्या हसल्या. "आमची गोलकीपर मोठी आगाऊ आहे. म्हणाली, बाई, हे कुणी अर्धवट सोडलंय?"

काकांनी पट्टी हातात घेतली. 'अ'चा काना ओढताना तेव्हा हात किंचित सरकला होता. आज दिसत नव्हतं, पण नखाला लागलं.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मला काय माहीत? म्हटलं, विचारून येते."

राळ तापून वास यायला लागला होता. काकांनी शेगडी बंद केली.

"सोडलेलं नाही म्हणावं," ते म्हणाले. "काम चालू आहे."

बाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा मेजावरच्या पट्टीकडे पाहिलं. जुनी पट्टी नव्या स्क्रूंनी ढालीवर चढली, होती तशीच, 'अ' आतल्या बाजूला. बाई गेल्यावर काकांनी उपविजेत्यांचा कागद उचलून पुतण्यापुढे ठेवला.

"हे तुझ्या मशीनवर घे. नव्या पट्टीवर."

"आणि ती?"

काकांनी मेजावरची पट्टी सुलटी केली, बारीक कानस घेतली आणि सालाचा शेवटचा आकडा घासायला सुरुवात केली. देशाच्या नावाला हात लावला नाही. 'अजिं'लाही नाही.

"हे रीतीत बसतं का काका? दर वेळी पहिल्यापासून सुरुवात असते ना?"

"त्यांनी करावी पहिल्यापासून. माझं वय झालंय."

काकू डबा घेऊन आल्या तेव्हा आकडा निम्मा पुसला गेला होता. काकांनी पितळेची पूड फुंकली आणि वर न बघता विचारलं,

"अगं, त्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर कुठं ठेवलायस?"

काकूंनी चष्म्याच्या डबीतून चारदा घडी घातलेली चिठ्ठी काढून मेजावर ठेवली. काकांनी ती उघडून डाव्या डोळ्याजवळ नेली, मग लांब धरली. नंबर नव्हताच. गुरुवार, सकाळी साडेनऊ, उजवा डोळा. चिठ्ठीवर दवाखान्याचा शिक्का होता, आणि शिक्क्यावरची तारीख मागच्या महिन्यातली, स्पर्धा सुरू व्हायच्याही आधीची.

"आणि काल जिंकलो असतो तर?"

"तरी गुरुवारच होता," काकू म्हणाल्या आणि डब्याचं झाकण उघडलं.