जास्तीची खुंटी

"ह्या लाकडाक काय रोग इलोहा, देव जाणे," जनार्दन तोंडातल्या तोंडात पुटपुटला. खाली शिडी धरून उभ्या असलेल्या कलावतीला ते बरोबर ऐकू आलं. लग्नाला एवढी वर्षं झाली की नवऱ्याचं मोठ्याने बोललेलं बायकोला एक वेळ ऐकू येत नाही, पुटपुटलेलं मात्र येतं.

"काय झालां?"

"काय नाय. शिडी धर."

तिने मान वर करून पाहिलंच. भिंतीवरच्या शेवटच्या ओळीतली शेवटची खुंटी काळी पडली होती. जळकी काळी नव्हे. देवळातल्या घंटेच्या दोरीला पिढ्यान् पिढ्यांचे हात लागून जशी तकतकी येते, तशी. वरच्या अंगाला चामडी पट्टा घासून पडावी तशी खाच. खुंटी गेल्या शुक्रवारी बसवलेली, नव्या कोऱ्या सागाची, आणि तिच्यावर अजून कुणी टोपीसुद्धा अडकवली नव्हती.

"मागची पण अशीच झाल्ली," कलावती म्हणाली. "आणि तिच्या आदली."

"तू इतिहास सांगू नको. हातोडी दी."

जनार्दन मेस्त्री कुडाळकडचा. ओमानातल्या इब्रा गावात, जुन्या बाजारामागे त्याचं सुतारकामाचं वर्कशॉप होतं. हात जनार्दनचे, कष्ट जनार्दनचे, आणि पाटीवर नाव अर्बाबचं, म्हणजे व्हिसा देणाऱ्या ओमानी मालकाचं; तिथे तशीच रीत. वर्कशॉपच्या मागच्या दोन खोल्यांत नवरा-बायको राहत, आणि अंगण ओलांडलं की अर्बाबचं घर. कलावती त्या घरातल्या बाईंचे कपडे शिवायची. घरधनिणीला इथे 'मामा' म्हणतात हे कळलं तेव्हा ती पहिला आठवडा तोंडाला पदर लावून हसली होती. आता तिला सख्खा मामा आठवला तरी डोळ्यांसमोर आधी ही उम्म खल्फान, म्हणजे खल्फानची आई, यायची.

अर्बाबच्या मजलिसमध्ये, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या खोलीत, तीन भिंती बंदुकांनी भरल्या होत्या. जुन्या, लांब नळीच्या, दस्त्यावर चांदी मढवलेल्या. ओमानात अशी एखादी बंदूक बऱ्याच घरांत असते, भिंतीवर, आजोबांची म्हणून. पण एखादी. बाजारातला कापडवाला तय्यब, मूळचा रत्नागिरीकडचा, एकदा म्हणाला होता, "वहिनी, माणसाला अल्लाने खांदे दिले दोन. एकावर बंदूक, दुसऱ्यावर नातू. ह्या माणसाला इतक्या बंदुका करायच्यात काय? किती झाल्या म्हणजे पुरे, ते एकदा विचारायला हवं." मग स्वतःच घाईघाईने म्हणाला, "तुम्ही विचारू नका हां."

ह्या भिंती भरण्यात थोडा हात जनार्दनचाही होता, आणि ते त्याच्या लक्षात यायला फार उशीर झाला. त्याच्या घरात सुतारकीचा एक नेम होता. गिऱ्हाइकाने खुंट्या सांगितल्या की एक वर ठोकायची. आहेराच्या पाकिटात एक रुपया वर घालतात तशी. "भरलां म्हणाचां नाय," बाप सांगायचा. घरात वाढ राहावी, येणाऱ्याला जागा असावी, एवढाच त्यातला शकुन. जनार्दनने तो नेम विमानातून बरोबर आणला आणि अर्बाबच्या भिंतीवर ठोकला. अर्बाबला ओळीच्या टोकाला रिकामी खुंटी दिसायची. तो तिच्याकडे दिवसभर बघत बसायचा, दुसऱ्या दिवशी पिकअप काढायचा आणि कुठल्या तरी गावातून एक बंदूक घेऊन यायचा. खुंटी भरली की नवी ओळ. नव्या ओळीला पुन्हा एक वर. असं हे शुभशकुनाचं गाडं तीन भिंती चालत आलं होतं.

बंदूक आली की अर्बाब जे करी ते कलावतीने दारातून पाहिलं होतं, आणि त्यानंतर ती कितीतरी दिवस मजलिसच्या बाजूने जायचं टाळत होती. तो बंदुकीला तिच्या मालकाच्या नावाने सलाम करायचा. "सलाम अलेकुम, सालेम." सालेम मातीत जाऊन वर्ष झालेलं असे. मग तो नळीचा वास घ्यायचा, बंदूक खुंटीला लावायचा, खाली कहाव्याचा, तिथल्या कोऱ्या कॉफीचा, कप ठेवायचा आणि मान कलती करून ऐकत बसायचा. भर दुपारी, खिडक्या बंद, बाहेर उन्हाने कुत्रंसुद्धा हलत नाही. आणि मग मजलिसमध्ये वास यायचा. दारूचा, जळक्या. आपल्याकडे दिवाळीत फटाक्यांच्या कागदांचा ढीग जाळल्यावर येतो ना, अगदी तसा. बार तर कुठेच उडालेला नसे. थोड्या वेळाने अर्बाब उठायचा आणि म्हणायचा, "हा नाही."

एवढंच. हा नाही.

कलावतीला ह्या सगळ्याशी एरवी कर्तव्य नव्हतं. ज्याचं त्याचं वेड ज्याला त्याला. पण तिची विशाखा कुडाळला नवव्या महिन्यात होती. पहिलटकरीण. रोज मोबाईलवर, आयमोच्या व्हिडिओ कॉलवर पोट दाखवायची आणि विचारायची, "आई, बाबा येतत ना गो?" त्या दोघांनी कायमचं परत जायचं ठरवलं होतं, गावी घराच्या जागेचं झालं होतं, सामान अर्धं बांधलं होतं. व्हिसा रद्द करायच्या कागदावर फक्त अर्बाबची सही हवी होती. अर्बाब वाईट माणूस नव्हता. तो प्रत्येक वेळी जनार्दनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "भिंत पुरी होऊ दे, जनार्दन. मग खलास. मग जा."

कलावती एकटी जाऊ शकत होती. पण अलीकडे जनार्दन दुपारी जेवून झोपत नसे. मजलिसमध्ये जाऊन रिकाम्या खुंटीसमोर बसे. एकदा तिने त्याला हाक मारायला डोकावून पाहिलं, तर अर्बाब आणि तो शेजारी शेजारी बसलेले, दोघांच्या माना एकाच बाजूला कललेल्या. ह्या माणसाला इथे ठेवून गेलो तर परत मिळायचा नाही, हे तिला त्याच क्षणी कळलं.

म्हणून ती तय्यबच्या दुकानात गेली आणि अस्तराचं कापड मागितलं. अस्तर नको होतं, हे तय्यबलाही कळलं.

"तय्यबभाय, त्यो काय आयकता?"

तय्यबने ठाण उलगडलं, परत गुंडाळलं. "खल्फानचं तुम्हाला ठाऊक नाही?"

नाव तर ती रोज घेत होती. आईच्या नावात होतं ते. पण घरात त्या मुलाचा फोटो नव्हता, कपडा नव्हता, आणि कुणी विषय काढत नव्हतं.

"गोनूचं वादळ झालं ना, त्याच्या आधीच्या हिवाळ्यात," तय्यब म्हणाला. "लग्न होतं. वरात आली की पुरुष हवेत बार काढायचे, जुनी रीत. आता कमी झालंय. तेव्हा गावाचे गाव बंदुका घेऊन उभे. मीपण होतो तिथे, थाळ्या वाहायला. वर गेलेली गोळी खाली येतेच, वहिनी. पोरगा शरबत पीत उभा होता. इतका अलगद बसला की लोकांना वाटलं चक्कर आली."

"कोणाची गोळी?"

"कसं कळणार? सगळ्यांनीच काढले होते. एकदम. जो तो घरी गेला नि बंदूक भिंतीला टांगून गप्प झाला. म्हातारे मरायला लागले तसा हा त्यांच्या घरी जायला लागला. आणि लोक देतात हो, खुशीने देतात. का देणार नाहीत? ह्याने 'हा नाही' म्हटलं की त्यांचा मेलेला माणूस सुटला. झोप लागते घराला."

कलावतीने कापडावरून हात फिरवला. "सगळ्यांनी म्हणजे... अर्बाबान पण?"

तय्यबचं दुकान अर्बाबच्या जागेत होतं. त्याने कात्री शोधली. ती त्याच्या हातातच होती. "किती देऊ अस्तर?" तो म्हणाला.

बुधवारी बायकांचा बाजार भरतो. तिथे बायकाच विकतात, बायकाच घेतात. पुरुषाने फिरकायचं नाही. कलावती उम्म खल्फानबरोबर पिशवी धरून गेली. उम्म खल्फान चालायला लागली की पुढच्या बायकांची बडबड थांबायची आणि ती पुढे गेली की मागे सुरू व्हायची, जणू कुणी रेडिओचं बटण फिरवतंय. जरीच्या पट्ट्या निवडताना कलावतीने आपल्या बाजारापुरत्या अरबीत विचारलं, "मामा, भिंतीवर अर्बाबची स्वतःची बंदूक कुठली?"

उम्म खल्फानच्या हातातली पट्टी खाली पडली. तिने ती उचलली नाही. बुरख्याच्या सोनेरी कडेतून तिचे डोळे कलावतीकडे बघत राहिले, रागाने नव्हे. तहानलेल्या माणसाला कुणी पाण्याचा नुसता आवाज ऐकवावा, तसे. मग म्हणाली, "घरी चल. ऊन झालं."

त्याच आठवड्यात अर्बाब सकाळीच पिकअप घेऊन गेला आणि दुपारच्या नमाजाच्या सुमाराला आला. बंदूक त्याने तान्ह्या मुलासारखी चादरीत गुंडाळून आणली होती. जनार्दनला म्हणाला, "ही शेवटची. त्या दिवशी जे जे उभे होते, सगळे आले. यल्ला, लाव."

कलावतीने मागच्या खोलीत जाऊन बॅगेची चेन ओढली. देवाच्या तसबिरीला हात जोडले. परत आली तेव्हा मजलिसमध्ये वास पसरला होता, नेहमीपेक्षा जास्त. डोळ्यांत चुरचुरत होता. अर्बाब मान कलती करून बसला होता. किती वेळ, कोण जाणे. कप गार झाला. शेवटी तो म्हणाला, "हा नाही."

आणि वर बघितलं. ओळ भरली होती, पण जनार्दनने सवयीप्रमाणे एक वर ठोकलेली. टोकाला ती खुंटी तकतकत होती, काळी, खाच पडलेली.

"एक राहिली," अर्बाब म्हणाला. त्याचा आवाज कोवळा झाला होता. "जनार्दन, तुला कळतं. तूच जागा ठेवतोस. एक राहिली आहे. ती आली की जा."

"अर्बाब, ती आमची रीत..." जनार्दन हिंदीत सांगू लागला. "शकुन के वास्ते. उसका कुछ मतलब नहीं."

"मतलब नाही?" अर्बाबने खुंटीकडे बोट केलं. "मग हिला कोण घासतं?"



कलावती पुढे झाली. पुरुष बसलेले असताना मजलिसमध्ये बाईमाणसाने पाऊल टाकायचं नसतं हे तिला माहीत होतं. पण लेक नवव्या महिन्यात असली की बाईला फार गोष्टी माहीत नसतात. "अवो, काढा ती," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. भरलां म्हणा. एकदा म्हणा, काय आभाळ कोसळाचां नाय."

"माझ्या बापाशीन..."

"बापूस तुमचो वर गेलो. नातू खाली येताहा. काढा."

जनार्दन शिडी चढला. त्याने खुंटी धरली. सुताराच्या हातची खुंटी ती, त्यानेच ठोकलेली. दोन हिसक्यांत यायला हवी. आली नाही. त्याने पकड लावली, पाय भिंतीला टेकला, सगळं अंग मागे टाकलं. खुंटी हलली नाही. उलट बाकीच्या बंदुका हलल्या, आधी जवळच्या, मग लांबच्या, भिंतभर एकमेकींना लागून बारीक खणखणत. वारा नव्हता. जनार्दनने हात सोडला तरी त्या थांबेनात.

"गरम लागता गो," तो वरून म्हणाला. त्याने तळहात पुढे केला. तो काळा झाला होता.

"सोड तिला!" अर्बाब ओरडला. उभा राहिला होता तो. "ती त्याची जागा आहे! ज्याने माझ्या मुलाला मारलं त्याची! तो येईल. सगळे आले, तो पण येईल. मी शोधीन. सूरला जाईन, सलालाला जाईन, लागली तर प्रत्येक घरातली आणीन. तोवर ह्या घरातून कुणी जाणार नाही!"

कलावतीने शिडीला मिठी मारली. तिच्या जिभेवर ते वाक्य आलं होतं. तोडकंमोडकं, पण आलं होतं. पण नवरा शिडीवर होता, सही त्या माणसाच्या बोटांत होती, आणि वाक्य दाताखाली राहिलं. तय्यबच्या दाताखाली राहिलं होतं तसंच. अख्ख्या गावाच्या.

तेव्हा दारातला पडदा बाजूला झाला.

उम्म खल्फान ह्या खोलीत कधी आली नव्हती. ती अनवाणी होती, तोंडावर बुरखा नव्हता, आणि तिचा चेहरा कलावतीला वाटला होता त्याहून कितीतरी म्हातारा होता. ती भिंतींकडे न बघता चालत आली. गार झालेला कहाव्याचा कप तिने उचलून बाजूला ठेवला आणि नवऱ्याच्या समोर उभी राहिली. त्याच्या दंडाला धरून तिने त्याला खाली बसवलं, स्वतःही बसली. बंदुका अजून खणखणत होत्या.

"अबू खल्फान," ती म्हणाली. खल्फानचा बाप. ह्या नावाने त्याला त्या लग्नानंतर कुणी हाक मारली नव्हती. "इकडे बघ. माझ्याकडे."

त्याने बघितलं नाही. तो खुंटीकडेच बघत होता.

"सगळ्यांची ऐकलीस," ती म्हणाली, सावकाश, इतक्या सोप्या शब्दांत की शिडीशी उभ्या कलावतीलाही एकूण एक कळला. "आता माझं ऐक. बार त्या दिवशी तू पण काढला होतास."