बाबांचा मॉर्निंग वॉक

आमचे हे कामाशिवाय पाऊल उचलत नाहीत. वाडीत दिवसभर पायाला भिंगरी लावल्यासारखे फिरतील, पण नुसतं चालायचं म्हणून रस्त्यावर निघा म्हटलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. ‘कुणी विचारलं कुठे निघालात, तर काय सांगू?’ हा त्यांचा प्रश्न. आता आमच्या वटार गावात सकाळी रस्त्याला लागलेला माणूस कुठेतरी जातच असतो, आणि त्याला विचारणारेही असतातच, हे मला मान्य आहे. पण म्हणून डॉक्टरांपुढे हे कारण सांगायचं?

झालं असं होतं की दिवाळीच्या सुमारास हे वाडीत चक्कर येऊन खाली बसले. रक्तदाब वाढला होता. डॉक्टरांनी गोळी दिली आणि रोज सकाळी चालायला सांगितलं. ह्यांनी सांगून पाहिलं की मी वाडीत चालतोच की. डॉक्टर म्हणाले, ते काम झालं, व्यायाम नव्हे. आमची लेक रुचिता पुण्याहून धावत आली होती, तिला तेवढंच निमित्त मिळालं. तिने सरळ सांगून टाकलं की बाबा नियमाने चालले तर ठीक, नाहीतर पानवेलींची वाडी दुसऱ्या कुणाला तरी कसायला द्यायची.

ह्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. आमच्या आळीत पूर्वी घरोघरी पानवेली होत्या. आता कुठे बंगला झाला, कुठे लग्नाचा हॉल झाला, पानवेली उरल्या त्या आमच्याच. हे वेलींशी जितकं बोलतात तितकं माझ्याशी बोलत नाहीत. मी त्यावरून त्यांना खूप टोचते, पण ती वाडी गेली तर हा माणूस खुर्चीत बसून झिजेल, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग पुढच्या खेपेला रुचिता घड्याळ घेऊन आली. नुसतं वेळ सांगणारं नव्हे, चालणं आणि हृदयाचे ठोके मोजणारं. ते ह्यांच्या मोबाइलला जोडलं, मोबाइलवर एक अ‍ॅप घातलं आणि त्यात घरातल्या सगळ्यांचा एक गट केला. बाबा चालून आले की घड्याळ मोबाइलजवळ ठेवायचं. निळं चाक फिरतं, ते थांबलं की सिंक झालं. मग बाबा किती पावलं चालले, किती दमले, सगळं तिला पुण्यात दिसणार. घड्याळाच्या रबरी पट्ट्याने ह्यांच्या मनगटाला पुरळ आलं, तर पोरीने हौसेने दुसरा पट्टा पाठवला. उत्तम चामड्याचा.

इथेच सगळं फिसकटलं. पानवेल आम्ही देवासारखी मानतो, तिथे चप्पल नेत नाही. चामड्याचं काहीच नेत नाही. ह्यांचे वडील कमरेचा पट्टासुद्धा बाहेर काढून ठेवायचे. हे पहाटे उठले की आधी वेलींकडे जाणार, आणि तिथे शिरताना घड्याळ कुंपणाच्या खुंटीला टांगणार. बाहेर येईपर्यंत ऊन वर आलेलं, मग चालायला कोण जातं? घड्याळ बिचारं खुंटीवर लटकून होतं आणि पुण्यात रुचिताला दिसत होतं की बाबा जागचे हलत नाहीत. आठवडाभरात तिचा फोन आला. वाडी कसायला कोणाला द्यायची याची चौकशी तिने सुरूही केली होती.

तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? मी रोज सकाळी सोनचाफ्याची टोपली घेऊन नंदाखालवरून आगाशीला जातेच, देवळाबाहेर फुलं विकायला. दुसऱ्या दिवशी खुंटीवरचं घड्याळ माझ्या मनगटावर चढवलं आणि निघाले. घरी आल्यावर ते मोबाइलजवळ ठेवलं आणि दूध उतू जाऊ नये म्हणून उभं राहावं तशी त्या निळ्या चाकावर नजर ठेवून उभी राहिले. चाक थांबलं. गटावर झळकलं: ‘बाबांचा मॉर्निंग वॉक’. पाठोपाठ टाळ्या वाजवणारे हात.

ह्यांना मी सांगितलं तेव्हा आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग हळूच विचारलं, ‘किती टाळ्या आल्या?’ तिथून तो आमचा नेमच झाला. पाय माझे दुखायचे आणि कौतुक ह्यांचं व्हायचं. जावयांनी लिहिलं, बाबा तरुणांना लाजवतात. त्या दिवशी हे जेवताना एक पोळी जास्त जेवले. मी म्हटलं, खा, दमला असाल. रागही यायचा आणि हसूही यायचं. वाडी राहिली होती, मला तेवढं पुरे होतं.

मार्चमध्ये मला जरा दम लागायला लागला. नंदाखालच्या वळणावर उर्सुला केळी घेऊन बसते, तिच्याजवळ मी टेकायचे. ती म्हणायची, डॉक्टरला दाखव. मी म्हणायचे, उन्हाळा आहे, वय आहे, आणि दोघी वेगळं काहीतरी बोलायला लागायचो. छातीत कधी फडफड व्हायची. बाईमाणसाच्या छातीत शंभर कारणांनी फडफड होते, असं म्हणून मी टोपली उचलायचे.

एका शनिवारी रुचिता न कळवता दारात उभी राहिली. चेहरा उतरलेला. बाबांचे ठोके चालताना भलतेच वाढतात आणि मध्येच अडखळतात, अ‍ॅपवर दोनदा इशारा आला आहे, असं तिने सांगितलं. तिने विरारच्या हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेऊनच ठेवली होती. रिक्षात ती ह्यांचा हात धरून बसली होती. वेलींचं आता नावही काढायचं नाही, असं तिने रिक्षातच बजावलं.

मी मनातल्या मनात देव आठवत होते. खरं सांगितलं तर पोरगी चिडणार, न सांगितलं तर वाडी जाणार. मी ठरवलं, डॉक्टरांसमोर सांगून टाकायचं. घड्याळ चुकीच्या हातात होतं, म्हणजे आकडे खोटे, म्हणजे हे ठणठणीत. इतकं सरळ. माझ्या डोक्यात वाडीपलीकडे काही नव्हतं, याचं मला आजही हसू येतं.

डॉक्टरांनी ह्यांच्या छातीला वायरी लावून कागद काढला, तो उलटसुलट पाहिला. म्हणाले, ह्यात तर काहीच दोष नाही. मग त्यांनी रुचिताच्या मोबाइलवरचे आकडे पाहिले आणि त्यांना काही मेळ लागेना. मी घसा साफ केला. पण माझ्याआधी हे बोलले. शर्टाची बटणं लावता लावता त्यांचा हात थांबला होता आणि ते माझ्याकडे बघत होते. असं बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“डॉक्टर, ते घड्याळ माझ्या हातात नव्हतंच,” ते म्हणाले. “हिच्या हातात होतं. हिला तपासा. आधी हिला तपासा.”

मी म्हटलं, अहो, मला काय झालंय. तेव्हा हे इतकंच म्हणाले, “तू गप्प बस आणि झोप तिथे.” मी पदर सावरून टेबलावर आडवी झाले.

निघालं ते माझंच दुखणं. ठोके ताल सोडत होते. वेळेवर कळलं, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. चालायला हरकत नव्हती, पण हळू, आणि ओझं अजिबात नको. घरी आल्यावर रुचिता आधी आमच्यावर कडाडली, मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. ‘आई, तुझ्यासाठी घड्याळ आणायचं मला सुचलंच नाही गं,’ म्हणाली. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. वाडीचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

घड्याळ आता उजळ माथ्याने माझ्या मनगटावर असतं. गटावर नाव अजून बाबांचंच आहे, ते बदलायला ह्यांनी नाही म्हटलं. चाफा कोण नेणार हा प्रश्न होता, तर दुसऱ्याच दिवशी सकाळी मी पाहते तो हे वेलींकडे न जाता टोपली काखेत घेऊन, चप्पल घालून दारात उभे. मी विचारलं, पानं कोण खुडणार? म्हणाले, पानं तासभर थांबतील. रस्त्याने माझ्या चालीने चालले. म्हणजे चालले कसले, दर दहा पावलांवर मागे वळून माझा चेहरा तपासत होते. मला लाजच वाटायला लागली.

नंदाखालच्या वळणावर उर्सुलाने ह्यांना टोपलीसकट पाहिलं आणि केळ्यांचा घड खाली ठेवला.

“काय हरिश्चंद्रभाऊ, आज कुठे निघालात?”

मला वाटलं, आता हे गोंधळणार. ते जरासुद्धा थबकले नाहीत.

“हिच्याबरोबर,” म्हणाले, आणि चालायला लागले.